मांडीवरचे मोजायचे नसतात

माझ्या मामाकडे प्रीमियर पद्मिनी होती. पुढची सीट बाकासारखी सलग आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी, त्यामुळे पुढे तिघं बसणं ही कमीत कमी अपेक्षा. त्या गाडीतून आम्ही एकदा वाईला लग्नाला गेलो. दारात कुणीतरी विचारलं, "किती जण आलात?" मामी म्हणाली, "सहा." आम्ही अकरा होतो. उरलेले पाच मांडीवर होते आणि मांडीवरचे मोजायचे नसतात.

एसटीचा हिशेबही काही फार वेगळा नाही. पाच वर्षांखाली तिकीट नाही, पाच ते बारा अर्धं. ज्याला तिकीट नाही त्याला जागा नाही आणि ज्याला अर्धं आहे त्याने अर्ध्या ढुंगणावर बसावं, हा त्यातून आम्ही काढलेला अर्थ. आपल्याकडे गाडीत 'बसतो' फक्त ड्रायव्हर. बाकीचे 'मावतात'.

या पार्श्वभूमीवर जानेवारीत आमचा मुलगा मंदार जर्मनीहून आला तो बायको केतकी, अडीच वर्षांचा विहान आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं एक सिंहासन घेऊन. ते सिंहासन म्हणजे विहानची गाडीतली सीट. चार दिवस ती हॉलमध्येच पडून होती. पहिल्या दिवशी त्यात विहान बसला, दुसऱ्या दिवशी हिने त्यात वाळलेले कपडे ठेवले, तिसऱ्या दिवशी पेपरवाल्याने "काका, मसाज चेअर घेतली का?" असं विचारलं.

"तिकडे कायदाच आहे," मंदार म्हणाला. "बारा वर्षांखालच्या आणि दीड मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला अशी सीट लागतेच."

माझी मोठी बहीण शकूताई तेव्हा लसूण सोलत होती. तिची उंची चार फूट दहा इंच. "म्हणजे उंचीत मी बसते," ती म्हणाली, "वयात थोडक्यात सुटले."

बेत हरिहरेश्वरचा होता. कुलदैवताला नातू दाखवायचा. शकूताई येणार हे गृहीतच होतं, कारण ती प्रत्येक ठिकाणी येते. पण मंदारने गाडीतले पट्टे मोजले. पाच निघाले. मग माणसं मोजली. विहानसह सहा निघाली. "मी काय, कोपऱ्यात मावेन," शकूताई म्हणाली. या वाक्यावर आमच्या घराण्याने पन्नास वर्षं प्रवास केलेला आहे. मंदार मात्र म्हणाला, "आत्या, पट्टे पाच म्हणजे माणसं पाच."

शकूताईने लसणाची शेवटची पाकळी सोलली आणि काही न बोलता श्रीवर्धनच्या एसटीची वेळ विचारायला फोन लावला.

निघायची वेळ सकाळी सहाची ठरली होती. सहाला मंदार मागच्या सीटवर पालथा पडून फटीत हात घालत होता. गादी आणि पाठ यांच्यामधल्या त्या फटीत लोखंडाच्या दोन कड्या असतात. त्यांना आयसोफिक्स म्हणतात आणि मुलांची सीट त्यांतच अडकवायची असते. गाडी मी २०२१ साली घेतली. इतकी वर्षं त्या कड्या तिथे माझी वाट पाहत होत्या, हे मला माहीत नव्हतं. कड्यांच्या आधी मंदारच्या हाताला दहाचं नाणं, शेंगदाणे, बँकेने निवृत्तीच्या वेळी दिलेलं पेन आणि हिचं हरवलेलं कानातलं लागलं. कानातल्यावरून त्या काळात मोलकरणीवर संशय घेतला गेला होता. त्यावर आम्ही दोघांनीही मौन पाळलं.

मग 'खट्' असा आवाज आला. पुन्हा 'खट्'. सीटच्या दोन्ही बाजूंचे लाल ठिपके हिरवे झाले. खालून सीटचा एक पाय बाहेर निघाला, तो गाडीच्या तळावर घट्ट टेकवायचा होता. तळावर माझी हवा भरायची पेटी, दोन नारळ आणि जाड मॅट होती. सगळं डिकीत गेलं. पाय टेकला, तिसरा ठिपका हिरवा झाला. तोपर्यंत वॉचमन, दूधवाला आणि दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त कर्नल जमले होते. कर्नलसाहेबांनी सीट दोन्ही हातांनी धरून हलवली. इंचभरही हलली नाही. त्यांनी मान डोलावली आणि जणू पूल तपासून दिल्यासारखे निघून गेले.

खरा धक्का पुढे होता. सीट उलटी लावली होती. पोराचं तोंड मागच्या काचेकडे.

"अरे, पोर पाठमोरं?" ही म्हणाली. "त्याला घाट कसा दिसायचा?"

केतकी इंजिनीअर आहे आणि सासूला समजावताना तिचा आवाज कधी चढत नाही, ही तिची मोठीच ताकद. तिने सांगितलं की लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानाने जड असतं आणि मान कोवळी. गाडी समोरून आदळली की पुढे तोंड करून बसलेल्याचं धड पट्टा धरून ठेवतो, डोकं मात्र पुढे फेकलं जातं. उलटं बसवलं की तोच दणका सगळ्या पाठीवर वाटला जातो. १९६४ साली स्वीडनमध्ये बर्टिल आल्डमन नावाच्या प्राध्यापकाने अंतराळवीर उड्डाणाच्या वेळी पाठीवर पडलेले असतात, हे पाहून अशी पहिली सीट केली. स्वीडनमध्ये पोरं चार वर्षांची होईपर्यंत सर्रास उलटी बसतात.

"पण मी मांडीवर घट्ट धरीन की," ही म्हणाली. "माझ्या हातून आजवर पोर पडलेलं नाही."

"आई, ताशी पन्नासच्या वेगाने गाडी आदळणं म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून खाली पडणं. विहान तेरा किलोचा आहे. तिसऱ्या मजल्यावरून पडताना कुणाच्या हातात तेरा किलो राहतील?"

हिने वर बघितलं. आम्ही तिसऱ्याच मजल्यावर राहतो.

त्यानंतर स्वेटरचा प्रसंग. आजीने दोन महिने खपून विणलेला, गुबगुबीत, बदकांची रांग असलेला स्वेटर. जाड कपड्यावर पट्टा आवळला तर तो घट्ट वाटतो, पण आदळल्यावर कपडा दबतो आणि पट्टा सैल पडतो, म्हणून स्वेटर काढायचा. केतकीने तो काढला, पाचपदरी पट्टा लावला, ओढला आणि खांद्यापाशी पट्ट्याला चिमटा काढून पाहिला. चिमटीत घडी आली तर पट्टा सैल. आजीला लांबून फक्त चिमटा दिसला. "पोराला चिमटे काढतेस?" इथे प्रवास जवळजवळ रद्द झाला. शेवटी स्वेटर पट्ट्यांवरून पोटावर पांघरायचा, अशी तोड निघाली. बदकं उलटी दिसत होती, पण अब्रू राहिली.

आता माझी पाळी. उलटी सीट जागा खाते. मंदार सहा फुटी, म्हणून ती त्याच्या मागे बसेना, माझ्या मागे बसवली. त्यामुळे माझी सीट पुढे सरकली. गुडघे डॅशबोर्डला लागले. मंदार म्हणाला, "इतकं पुढे नको, समोर एअरबॅग आहे." सीट एक खाच मागे गेली, पाठ ताठ झाली. मी शाळेच्या वर्गफोटोत बसलो होतो तसा बसलो. पौड गेलं की सीट आडवी करून डुलकी काढायची, हा माझा वीस वर्षांचा रिवाज. "आडवं झाल्यावर पट्ट्याखालून माणूस घसरतो," मंदार म्हणाला. रिवाज संपला. डोक्यामागची उशीही त्याने कानांच्या रेषेत वर ओढली. त्या उशीचा उपयोग मी आजवर ओला नॅपकिन वाळत घालायला करत होतो.

एवढ्यात माझ्या सीटच्या पट्ट्याच्या खोबणीत त्याला एक छोटी चकचकीत चकती सापडली. पट्टा न लावता ती खोबणीत खुपसली की गाडी पीं-पीं करायची थांबते. मी ती ऑनलाइन मागवली होती, नव्वद रुपयांना. २०२३ च्या मे महिन्यात केंद्र सरकारच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने असल्या चकत्यांच्या १३,११८ जाहिराती संकेतस्थळांवरून काढायला लावल्या. माझी त्याच्या आधीची खरेदी. "सीटवर भाजी ठेवली तरी ओरडते रे," मी म्हणालो. मंदारने चकती खिशात घातली. लहानपणी त्याच्या दप्तरातून मी गोट्या जप्त करायचो, तेव्हा माझा चेहरा असाच दिसत असणार.

मागे मधल्या जागेवर ही. तिचा पट्टा गादीखाली गाडला गेला होता, तो उकरून काढला. "मागच्यांना कशाला?" असं ती म्हणाली खरी, पण सवयीने. २०२२ च्या सप्टेंबरात पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्रींची गाडी आदळली, त्यात मागे बसलेले दोघे गेले. त्यांनी पट्टे लावले नव्हते, असं पोलिसांनी सांगितलं होतं. ती बातमी आम्ही सगळ्यांनी वाचली होती. आमच्या अख्ख्या सोसायटीने त्यानंतर आठ दिवस मागे पट्टे लावले.

आठ वाजून दहा मिनिटांनी निघालो.

जर्मनीत स्टिअरिंग डावीकडे आणि दिव्यांची दांडीही डावीकडे. त्यामुळे चांदणी चौकापर्यंत प्रत्येक वळणावर मंदारने वायपर चालू केला. लख्ख उन्हात, कोरड्या काचेवर. पिरंगुटला एक रिक्षावाला आमच्याकडे पाहून स्वतःच्या काचेकडे बघायला लागला.

मुळशीच्या पाण्याच्या कडेने धुकं होतं. मला नातवाला ते दाखवायचं होतं, पण नातू माझ्या पाठीला पाठ लावून बसलेला. मला त्याचं काहीच दिसत नव्हतं. आम्ही कुठे चाललोय ते मला दिसत होतं आणि कुठून आलो ते त्याला. मग मी कमरेतून वळून, सीटच्या कडेवरून डोकं काढून "कुऽऽक" केलं. तो खदखदून हसला. परत समोर. परत वळून "कुऽऽक". ताम्हिणीची वळणं सुरू झाली तरी आमचं चालूच. सतरा वेळा मी 'कुक' केलं असेन. अठराव्या वेळी तोंडातून 'कुक' आलं नाही.

गाडी मला लागली. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी. विहानसाठी आणलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या, विहानसाठी आणलेली आवळासुपारी आणि विहानसाठी आणलेलं लिंबू, सगळं माझ्याच कामी आलं. विहान तोवर पांघरलेल्या बदकांवर हात ठेवून गाढ झोपला होता.

घाटमाथ्यावर चहाच्या टपरीपाशी थांबलो. टपरीवाल्या मावशींनी काचेतून डोकावून पाहिलं. "बांधून ठिवलंय व्हय पोराला? लई दंगा करतंय?"

"नाही हो," मी म्हणालो, "कायदा आहे." आणि तो आपल्याकडेही आहे. १ सप्टेंबर २०१९ पासून चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याविना किंवा मुलांच्या सीटविना गाडीत नेलं तर एक हजार रुपये दंड. हे मला कालच मंदारने सांगितलं होतं, पण मावशींना मी जन्मापासून माहीत असल्यासारखं सांगितलं. मावशींनी रस्त्याकडे बोट केलं. एका मोटारसायकलवरून आई, बाप आणि तीन मुलं घाट उतरत होती. धाकटं टाकीवर. आम्ही दोघंही गप्प चहा प्यायलो.

माणगावच्या कोंडीत पाऊण तास गेला. तिथेच माझ्या लक्षात आलं की ही मागे अस्वस्थ आहे. तिला मांडीचं काय करावं हे सुचत नव्हतं. चाळीस वर्षं तिच्या मांडीवर कुणी ना कुणी होतं. मंदार, मग पुतणे, मग शेजारणीची पोरं. आता मांडी रिकामी. शेवटी तिने बेसनाच्या लाडवांचा डबा मांडीवर घेतला आणि दोन्ही हातांनी घट्ट धरला. म्हसळा येईपर्यंत सोडला नाही. सुटा डबाही आदळल्यावर उडतो, हे केतकीला माहीत होतं. पण ती काही बोलली नाही. इंजिनीअर असली तरी सून आहे.

हरिहरेश्वरला पोचायला अडीच वाजले. देवळाच्या कमानीपाशी शकूताई कोकमसरबत पीत बसली होती. स्वारगेटहून श्रीवर्धनला महिला सवलतीच्या अर्ध्या तिकिटात, खिडकीपाशी झोपून आली होती. तिथून पुढे सहाआसनी रिक्षात, त्यात चौदा जण. "मावले," ती म्हणाली आणि मंदारकडे बघून हसली.

हरिहरेश्वरला आधी काळभैरवाचं दर्शन, मग हरिहरेश्वराचं, मग परत काळभैरवाचं, असा क्रम आहे. परतीच्या दिवशी मंदारने तीन ठिपके तपासले, विहानला बसवलं आणि परत तीन ठिपके तपासले. "याचाही काळभैरव आहे," शकूताई म्हणाली. येताना मी एकदाही मागे वळलो नाही. नुसताच हात मागे नेऊन विहानच्या डोक्यावर ठेवला. तेवढा हात पोचतो.

मंदार परत गेला, सीट इथेच ठेवून. पुढच्या खेपेलाही ती विहानला पुरेल, अठरा किलोपर्यंत चालते. तोवर सोसायटीत ती पुरणयंत्रासारखी फिरते आहे. पहिल्यांदा मागून नेली ती कर्नलसाहेबांनी, त्यांच्या नातीसाठी. नेणाऱ्यांना दोनच विनंत्या आहेत. गाडीला अपघात झाला तर सीट परत आणू नये, कारण एकदा दणका खाल्लेली सीट पुन्हा वापरायची नसते. आणि अपघात झाला नाही तर फटीतले कुरमुरे झटकून आणावी. हिरवा ठिपका दिसत नसेल तर मला फोन करावा, रात्री नऊपर्यंत.