घरी असूनही नसावं कसं? महाड-पोलादपूरकरांसाठी पहिले धडे

ऑनलाइन मागवलेली वस्तू हातात पडणं यात काही कसब नाही. पुण्या-मुंबईत ते शेंबडं पोरही करतं. बेल वाजते, चार आकडे सांगायचे, खोकं आत घ्यायचं, झालं. खरी विद्या वेगळी आहे. सकाळपासून ओटीवर ठाण मांडून बसायचं, आंघोळसुद्धा घाईत उरकायची, आणि दिवेलागणीला मोबाइलवर निरोप मिळवायचा: 'ग्राहक घरी उपलब्ध नव्हता.' यासाठी भूगोलाची थोडी कृपा लागते आणि आपल्या दोन तालुक्यांवर ती भरपूर आहे. एका अंगाला सावित्री, दुसऱ्या अंगाला सह्याद्री, मधून वर्षानुवर्षं रुंद होत चाललेला मुंबई-गोवा महामार्ग. उरलेलं सरावानं जमतं. धडे क्रमानं गिरवा. घाई करू नका, कंपनीलाही नसते.

१. आधी पत्ता नीट लिहा

नीट म्हणजे अर्ज मागेल तसा. अर्ज तयार करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एक उंच इमारत असते, म्हणून तो फ्लॅट क्रमांक मागतो, मजला मागतो, सोसायटीचं नाव मागतो, आणि ते रकाने भरल्याशिवाय पुढे सोडत नाही. गडबडू नका. फ्लॅटच्या जागी घरपट्टीच्या पावतीवरचा घर नंबर टाका. तो तुम्ही आणि ग्रामसेवक सोडून कुणालाच ठाऊक नसतो, म्हणजे उत्तम. सोसायटीच्या जागी वाडीचं नाव घाला. मग 'मु.' एक गाव आणि 'पो.' दुसरं, कारण पोस्ट आपल्या गावात नाही, ओढ्यापलीकडच्या गावात आहे. 'जवळची खूण' या रकान्यात 'मारुतीच्या देवळाजवळ' लिहा. मारुतीचं देऊळ नसलेलं गाव शोधूनच काढावं लागेल, त्यामुळे फसगतीची शक्यता पुष्कळ.

नावाकडेही लक्ष द्या. आपल्याकडे अख्ख्या वाडीचं आडनाव एक असतं आणि आजोबांचं नाव नातवाला ठेवायची रीत असते. वरच्या वाडीत एक आणि खालच्या वाडीत एक, असे एकाच नावा-आडनावाचे दोघे निघाले की अर्धं काम झालंच. वडिलांचं नाव मुद्दाम गाळा.

प्रगत विद्यार्थ्यांसाठी: जिल्ह्याचं नाव रोमन लिपीत टाइप करताना शेवटची अक्षरं थोडी इकडची तिकडं होऊ द्या. छत्तीसगडातही एक रायगढ जिल्हा आहे. आपला पिनकोड ४०२ नं सुरू होतो, तिकडचा ४९६ नं. पण पहिला आकडा दोघांचाही ४, कारण महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड एकाच टपाल विभागात येतात. एवढ्या शेजारधर्मावर एखादा झारा सहज तिकडची सहल करून येईल. आपला जिल्हा कुलाबाच राहिला असता तर ही सोय नव्हती. १९८१ साली नाव बदललं, म्हणून जमतं.

२. पिनकोडवर फार विसंबू नका

ही सहा आकड्यांची युक्ती कोकणातल्याच माणसाची. श्रीराम भिकाजी वेलणकर त्याचं नाव. संस्कृतचे मोठे पंडित आणि टपाल खात्यातले अधिकारी. १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड सुरू झाला. पहिल्या तीन आकड्यांनी वर्गवारीचा जिल्हा कळतो, शेवटच्या तीन आकड्यांनी थेट पोस्ट ऑफिस. ४०२३०१ म्हटलं की महाड, ४०२३०३ म्हटलं की पोलादपूर. पत्र्याच्या पेटीत टाकलेलं कार्ड एवढ्या आधारावर डोंगरातल्या कोंडापर्यंत जायचं, आणि वाचता न येणाऱ्या म्हातारीला पोस्टमन ते वाचूनही दाखवायचा.

आता त्याहून पुढची सोय झाली आहे. २०२५ मध्ये टपाल खात्यानं डिजिपिन आणला. सगळा देश सुमारे चार मीटर लांब आणि चार मीटर रुंद अशा चौकोनांत कापला आणि प्रत्येक चौकोनाला दहा अक्षर-अंकांचा संकेत दिला. आयआयटी हैदराबाद आणि इस्रोचं दूरसंवेदन केंद्र यात सोबतीला होतं. चार मीटर म्हणजे साधारण आपली अर्धी पडवी. म्हणजे तुम्ही पडवीच्या झोपाळ्याकडच्या चौकोनात बसला आहात की जात्याकडच्या, एवढंसुद्धा आता लिहून देता येतं. तरीही तुम्ही घरी नव्हता. विज्ञानावर मात करणारी विद्या म्हणतात ती ही.

महाड शहरातल्यांनी आपल्याला हे जमणार नाही म्हणून खट्टू होऊ नये. चवदार तळं कुठे आहे हे २० मार्च १९२७ पासून सगळ्या देशाला ठाऊक आहे. दर वर्षी माणसांचे लोंढे तिथं बिनचूक पोहोचतात. त्याच तळ्याजवळ राहून 'पत्ता सापडला नाही' असा शेरा मिळवता येतो. जिद्द हवी.

३. रेंजचा योग्य वापर करा

घरात रेंज नसणं ही मूळ पात्रता समजा. देवळाच्या पायरीवर एक कांडी, वरच्या आळीच्या वळणावर दोन, आणि शाळेमागच्या कातळावर उभं राहून मान डावीकडे केली तर तीन, असा प्रत्येक वाडीचा नकाशा ठरलेला असतो. आता नीट समजून घ्या, कारण सगळ्या विद्येचं मर्म इथं आहे. पार्सल यायच्या दिवशी तुम्ही घरात बसलात तर फोन लागत नाही. शेरा पडतो, 'ग्राहकाशी संपर्क झाला नाही.' फोन लागावा म्हणून कातळावर जाऊन बसलात तर घराला कुलूप. शेरा पडतो, 'दरवाजा बंद.' कोणताही मार्ग धरा, मुक्कामाला पोहोचताच.

काहीजण बायकोला घरी बसवून स्वतः कातळावर जातात. हा रडीचा डाव आहे. असल्यांनी पुढचा धडा वाचू नये.

४. फोन लागलाच तर

अनोळखी नंबर असतो, अलीकडे दिवसाला चार फोन कर्ज देणाऱ्यांचे येतात, म्हणून पहिल्यांदा उचलू नका. दुसऱ्यांदा उचला. संवाद असा व्हायला हवा:

"काका, पार्सल आहे तुमचं. कुठं येऊ?"

"पत्ता आहे ना त्यावर?"

"हा, आहे ना. पण येऊ कुठं?"

"घरी."

"म्हणजे फाट्यापासून आत काय?"

"हां. चारच किलोमीटर. पुलावरून आलास की शाळा लागते, तिथून चढ..."

इथं थोडी शांतता येते. पलीकडे कढईत वडे सोडल्याचा आवाज येतो, एक गाडी रिव्हर्स घेत असते आणि कंडक्टर घंटी मारतो. पोरगा कुठं उभा आहे ते तुम्ही ओळखलेलं असतं. आपण ओळखलंय हे तोही ओळखतो.

"काका, तुम्हीच स्टँडवर येता काय?"

'येतो' म्हणालात तर पार्सल मिळून जाईल. 'नाही' म्हणालात तर भांडण होईल. 'बघतो' म्हणा. मग चप्पल चढवा, फाट्यापर्यंत चालत जा, मिनीडोर भरेपर्यंत आत बसून राहा. ती भरली की निघेल. तुम्ही स्टँडवर उतरता तोवर पोरगा महाडला परत गेलेला असतो आणि फोन स्विच ऑफ. घरी येऊन कातळावर चढा. निरोप आलेला असेल: 'आपल्या विनंतीवरून डिलिव्हरीची तारीख पुढे ढकलली आहे.' इतक्या नम्रपणे तुमची विनंती तुमच्या घरातल्यांनीही कधी ऐकली नसेल.

५. ओटीपी

हा धडा खास चाकरमान्यांच्या घरांसाठी. मुलगा डोंबिवलीत, आई पोलादपूरच्या डोंगरात. मुलगा गणपतीच्या आधी आईसाठी मिक्सर मागवतो. पत्ता गावचा, नंबर स्वतःचा. पोरगा खरोखरच चढ चढून दारात येतो, कारण शंभरात एखादा तसा भला निघतोच. ओटीपी त्याच क्षणी डोंबिवली आणि कोपरच्या मध्ये, लोकलमध्ये एका पायावर उभ्या असलेल्या मुलाच्या खिशात वाजतो. खिशापर्यंत हात न्यायला जागा नसते.

"मावशी, ओटीपी सांगा."

"नाय हो. लेकानं बजावलंय, ओटीपी कुणी मागितला तरी सांगायचा नाय. टीव्हीवर पण सांगतात."

मावशींचं काही चुकलेलं नाही. बँक, पोलीस, सरकार, सगळे गेली कित्येक वर्षं हेच सांगताहेत आणि त्यांचं ऐकणारी सबंध तालुक्यात ही एकच बाई निघाली. ती पोराला पाणी देते, चहा टाकते, उन्हात आलास म्हणून हळहळते आणि मिक्सर परत पाठवते. शेरा: 'ग्राहकानं पार्सल स्वीकारण्यास नकार दिला.' मुलाला हा निरोप कोपर गेल्यावर दिसतो.

पैसे दारात द्यायचे असतील तर पाचशेची नोट काढा. सुट्टे त्याच्याकडे नसतात, आणि क्यूआर कोडला रेंज लागते. पुन्हा तिसरा धडा वाचा.

६. पोराशी सहानुभूतीनं वागा

त्याच्यावर रागावणं हे नवशिक्याचं लक्षण. त्याच्या बाजूनं हिशोब मांडा. बहुतेक पोरांना पोहोचत्या पार्सलमागे ठरावीक रुपये मिळतात. गाडी स्वतःची, पेट्रोल स्वतःचं, पंक्चर स्वतःचं. महाडच्या नव्या पेठेत एका जिन्यात पाच पार्सलं सुटतात. आंबेनळीच्या वाटेवरच्या वाडीत एका पार्सलसाठी अर्धा दिवस जातो आणि वाटेत पेट्रोलच त्या पैशांना गिळून टाकतं. पार्सल तसंच पिशवीत ठेवलं तर संध्याकाळी वरचा साहेब विचारतो, प्रयत्न का नाही केला? म्हणून तो प्रयत्न करतो. मोबाइलवर. यादीतून एक कारण निवडायचं असतं. त्या यादीत 'ग्राहक उपलब्ध नाही' आहे, 'पत्ता अपुरा' आहे, 'नकार' आहे. 'तिथं जाणं मला परवडत नाही' हे कारण यादी बनवणाऱ्यानं ठेवलेलंच नाही. मग तो बिचारा काय करणार? तुम्हाला गैरहजर करतो. शाळेत मास्तर करायचे तसंच, फक्त इथं 'हजर' म्हणून ओरडायची सोय नाही.

७. पावसाळा

काही करावं लागत नाही. सावित्रीचं पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरलं की 'प्रतिकूल हवामान' असा शेरा मिळतो. तो खरा असतो, म्हणून आपल्या अभ्यासक्रमात धरत नाहीत.

८. तक्रार

आधी चॅटवर जा. तिथं एक यंत्र तुमचं नाव घेऊन अतिशय प्रेमानं दिलगिरी व्यक्त करतं. मग माणूस मागा. माणूस हिंदीत विचारतो, आप घर पे थे? तुम्ही सांगता, होतो. तो म्हणतो, सिस्टम में तो आप नहीं थे. इथं वाद घालू नका. मी होतो याला पुरावा काय, या प्रश्नाचं उत्तर ओटीवर एकट्या बसलेल्या माणसाकडे नसतं.

ई-कॉमर्ससाठी २०२० चे ग्राहक संरक्षण नियम आहेत. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यानं ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात ती निकाली काढायची असते. पोच हमखास येते. ती जपून ठेवा, हातात आलेली तेवढीच वस्तू असते. आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर चुकूनही फोन करू नका. तिथं मराठीत बोलता येतं आणि कंपनीला पत्र जातं, अशानं सगळी मेहनत वाया जाण्याची भीती.

९. हे कटाक्षानं टाळा

मुंबईहून निघणाऱ्या पोलादपूर गाडीच्या ड्रायव्हरला सांगून केबिनमध्ये पिशवी ठेवायची, आणि गावात निरोप द्यायचा: 'पहाटेच्या गाडीत आहे, निळी पिशवी, सुतळीनं बांधलीय, ड्रायव्हर ओळखीचा आहे.' याला ना पिनकोड लागतो ना ओटीपी. खोकं कुठपर्यंत आलं हे पाहायला ॲप नसतं, त्यामुळे भिवंडीच्या गोदामात ते तीन दिवस काय करतंय याची करमणूकही होत नाही. फाट्यावर गाडी थांबते, कुणीतरी पिशवी खाली देतो, कुणीतरी घेतो. त्या वेळी तुम्ही घरी असा, शेतात असा, नाहीतर झोपलेले असा, पिशवी घरी पोहोचते. या जुनाट पद्धतीनं आपल्या दोन तालुक्यांतल्या कित्येकांची गैरहजेरीची संधी हुकली आहे.

१०. सगळं करूनही पार्सल घरी आलंच तर

खचून जाऊ नका. आधी खोक्यावरचं नाव वाचा. नाव तुमचंच असेल, आडनावही. मग फोडण्यापूर्वी मोबाइल नंबर पाहा. तो तुमचा नसतो. ते खालच्या वाडीतल्या तुमच्या नामबंधूचं असतं. तो गेल्या होळीनंतर गावात फिरकलेला नाही, आणि ॲपवर त्याच्या नावापुढे नोंद आहे: 'ग्राहकानं स्वतः स्वीकारलं.' खोकं काखेला मारा, खालच्या वाडीत त्याच्या आईकडे नेऊन द्या. तिथं तुमचं काही येऊन पडलंय का, तेही विचारून या.