शेकोटीवाल्या काकांस अनावृत पत्र

श्री. शेकोटीवाले काका,
मु. पो. आमच्या गल्लीचं तोंड, पाषाण, पुणे.

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, काल पहाटे आपण जे हवन मांडलंत, त्याचा प्रसाद माझ्या छातीत अजून शिल्लक आहे.

पारा दहाच्या खाली आला की पुण्यात पळणाऱ्यांची सुगी सुरू होते. जानेवारीत मुंबईची मॅरेथॉन, म्हणून काळोखात उठून, हुडहुडी भरलेली असताना घराबाहेर पडायचं. काल मी वळणावर आले आणि नेमक्या त्याच मुहूर्तावर आपण कुठल्याशा गाडीतल्या रबरी मॅटची आहुती दिलीत. मी थेट त्या काळ्या धुरात. गुडघ्यांवर हात टेकून खोकत होते, तर आपण आपुलकीनं म्हणालात, ‘ताई, थंडी बाधली वाटतं. या, शेका जरा!’

आपल्या समिधा मी रोज पाहते. खाली दवानं भिजलेला पालापाचोळा, म्हणजे जाळ कमी आणि धूर फार. वर दुधाच्या पिशव्या, थर्माकोलच्या ताटल्या, गुटख्याच्या पुड्या. धूर वर निघून जातो, असं आपलं म्हणणं. कुठला जातोय! हिवाळ्यात पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि त्यावरची उबदार असते. गार हवा जड, ती वर चढत नाही. मग धूरही ऊन तापेपर्यंत गल्लीतच मुक्काम ठोकतो. त्यात पळणारा माणूस बसलेल्या माणसाच्या दहापट हवा ओढतो. शेकोटी आपली, पण धुरातला सिंहाचा वाटा आमचा.

बाकी कुत्री मागे लागतात, कानटोपीवाले आजोबा रस्ताभर पसरून चालतात. त्याचं काही नाही. कुत्रं निदान दमतं.

राष्ट्रीय हरित लवादानं २०१६ मध्येच उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला ५,००० रुपये दंड ठरवला आहे. फोटो काढून महापालिकेला पाठवावा म्हणून मी मोबाइल काढला, आणि धुरामागे आपले पाय दिसले. रबरी चपला, मोजे नाहीत, टाचांना भेगा. अंगात कुणाच्या तरी मुलाचा टाकून दिलेला शाळेचा स्वेटर, मनगटाच्या वरच संपलेला. मला थंडी वाजली तर मी पळते, आणि घरी जाऊन गिझर लावते. आपण सोसायटीच्या फाटकाशी बारा तास बसून राहायचं, त्याचाच पगार.

आपल्याकडून कसले पाच हजार घ्यायचे? घ्यायचेच तर त्या सोसायटीकडून घ्या, जिला लॉबीत संगमरवर परवडतो आणि आपल्या केबिनला दार परवडत नाही. त्या सुरक्षा एजन्सीकडून घ्या, जी कडाक्याच्या थंडीत माणसाला अर्ध्या बाह्यांच्या शर्टात उभं करते. लाज नाही वाटत यांना? वरच्या मजल्यावर रजईत घोरणाऱ्यांची राखण करणारा माणूस खाली दुधाच्या पिशव्या जाळून हात शेकतोय!

तेव्हा काका, रबर आणि प्लॅस्टिक आजपासून बंद. तेवढं ऐकाच, तो धूर माझ्याआधी आपल्याच नाकात जातो.

आणि चेअरमनसाहेब, प्रत आपल्यालाही धाडली आहे. केबिनला दार, काकांना जाड जॅकेट, मोजे, बूट आणि पालापाचोळ्यासाठी खताचा खड्डा, एवढं या आठवड्यात करा. नाही केलंत तर पुढचा फोटो मी नक्की काढेन, आणि दंडाची पावती सोसायटीच्या नावानं फाडायला लावेन.

आपली,
गल्लीतली एक पळणारी