पाटकऱ्याच्या घरची न्हाणी: दुरुस्तीची नियमावली

प्रस्तुत नियमावली बोदलकसा येथील एका न्हाणीच्या जीर्णोद्धारावरून तयार केली आहे. न्हाणीची लांबी पाच फूट, रुंदी चार, वय चाळीस, मंजूर तरतूद तीन हजार रुपये. बांधली तेव्हा ती भंडारा जिल्ह्यात होती. १ मे १९९९ रोजी जागची तसूभर न हलता गोंदिया जिल्ह्यात आली. तिच्यातल्या पाण्याचा स्वभावही असाच. तेही जागचं हलत नाही.

कलम १. फरशी कुरूप आहे की आजारी, हे आधी ठरवावं. रंग, स्टिकर, प्लास्टिकची चटई या गोष्टी कुरूप फरशीसाठी असतात. आजारी फरशीवर त्या घातल्या तर खाली शेवाळ सुखाने नांदतं. तपासणी सोपी आहे. जमीन कोरडी करून बादलीभर पाणी ओतावं, दहा मिनिटं थांबावं, आणि जिथे पाणी उरेल तिथे खडूने रेघ मारावी. मग प्रत्येक फरशीवर नाण्याने टकटक करावी. भरीव फरशी ठक्क वाजते, पोकळ असलेली डब्यासारखी बोलते. आमच्याकडे चार फरश्या बोलल्या. पाचवे बोलले ते बाबा.

बाबा पाटकरी होते. ज्या गावाचा तलाव १९१७ सालचा, ज्याचं पाणी उताराउताराने धानाच्या बांध्यांपर्यंत जातं, त्या गावात त्यांनी जन्मभर लोकांच्या पाण्याच्या पाळ्या सांभाळल्या. मध्यरात्री कोणी कोणाचं पाणी फोडलं तर अंधारात नुसत्या आवाजावरून ते ओळखायचे. आणि त्यांच्या स्वतःच्या न्हाणीतलं पाणी जाळीकडे पाठ करून आग्नेय कोपऱ्यात जाऊन बसतं. हिवाळ्यात तलावावर पक्षी बघायला लांबून लोक येतात. आमच्या कोपऱ्यातही बारमाही तळं आहे. पक्षी तेवढे अजून आले नाहीत.

कलम २. ॲसिड वापरू नये. हे कलम आईसाठी आहे. आमची फरशी शहाबादी, म्हणजे चुनखडीचा दगड. दारावर येणाऱ्या माणसाकडून आईने बाटली घेतली, ओतली, फसफस फेस आला, आणि मळ निघतोय म्हणून ती खूश झाली. मळ निघत नव्हता, दगड निघत होता. चुनखडी ॲसिडमध्ये विरघळते आणि वायू सुटतो, त्याचा तो फेस. दरवर्षी दिवाळीला अशी सफाई झाल्याने फरशीच्या तोंडावर देवीचे व्रण पडले, आणि त्या खड्ड्यांत मळ आणखी घट्ट बसू लागला. मोझॅकच्या फरशीलाही हाच न्याय लागू. चिनी मातीची टाइल ॲसिडला पुरून उरते, पण तिच्या सांध्यातलं सिमेंट नाही. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र तर कधीच करू नये, क्लोरीन वायू सुटतो. इथे थट्टा नाही.

मग घासायचं कशाने? गरम पाणी, धुण्याचा सोडा, आणि तणसाचा बोळा. साबणाचा चिकट थर सोड्याने सुटतो. एवढ्यानेच अर्धी न्हाणी तरुण झाली आणि खर्च पन्नास रुपयांच्या आत राहिला. माझ्या मते इथेच थांबायला हरकत नव्हती. पण खडूची रेघ होती.

कलम ३. जाळी उचलून आत हात घालावा. जे निघेल त्याचं वर्णन जेवणाच्या वेळी करू नये. खालच्या भांड्याला नळकाम करणारे देशभर ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात, म्हणजे आपली न्हाणी इंजिनिअरिंगच्या पुस्तकांत जाऊन बसली आहे. त्यात दोनेक इंच पाणी कायम उभं असलं पाहिजे, तेच गटाराचा वास अडवतं. क्वचित वापरातल्या न्हाणीला वास येतो तो बहुधा हे पाणी सुकल्यामुळे. तांब्याभर ओतलं की झालं.

कलम ४. उतार. इथे नियमावलीचा आवाज चढतो, कारण आमच्या घरातही चढला होता.

न्हाणीला साधारण पाच फुटांमागे पाऊण ते एक इंच उतार लागतो. मी पारदर्शक नळीत पाणी भरून पातळी घेतली. पाच फुटांत उतार निघाला दोन सूत, तोही उलटा. मी बाबांना विचारलं, बांधताना मिस्त्रीला काय सांगितलं होतं?

“जास्त नोको देऊ म्हनलं. कायले? पानी धावलं का तळ खरवडते.”

मला हे समजायला एक क्षण लागला. मातीच्या कालव्याला हजार फुटांमागे फूटभरही उतार देत नाहीत. जास्त दिला तर पाणी खरोखरच तळ खात सुटतं. बाबांनी न्हाणीला कालव्याचा उतार दिला होता. चाळीस वर्षं आई आंघोळ झाली की खराट्याने पाणी ढकलत होती, आणि चाळीस वर्षं त्या दगडी फरशीचा तळ मात्र जराही खरवडला नव्हता. या मुद्द्यावर बाबा आजही स्वतःला यशस्वी मानतात.

उतार सुधारायचा तर जुन्या फरशीवर सिमेंटचा पातळ थर ओढू नये. तो कडेला कागदासारखा होतो आणि पहिल्या पावसाळ्यात पापुद्रे सुटतात. फरश्या उचलाव्यात, खालचा मसाला तासावा, नवीन उतार बांधावा, आणि त्याच फरश्या पालटून बसवाव्यात. खालच्या तोंडाला ॲसिड लागलेलं नसतं. चिकटलेलं सिमेंट छिन्नीने काढताना चारांतली एक फुटतेच, तिचा शोक करू नये. तिरोड्याच्या दुकानातून फुटक्या टाइल्सचं पोतं जवळपास फुकट मिळालं. त्या जागी तुकडे बसवले. मिस्त्री याला ‘चायना मोझॅक’ म्हणतात. नेकचंद यांनी चंदीगडला अशाच टाकाऊ तुकड्यांतून अख्खं रॉक गार्डन उभं केलं, हे मी आईला सांगितलं. तिने विचारलं, तिथे म्हाताऱ्या बाया आंघोळ करतात का? प्रश्न रास्त होता. तुकड्यांची धार घासून मोडावी, आणि जिथे पाय पडतो तिथे गुळगुळीत तुकडा लावू नये.

कलम ५. सांधे जुन्या हॅक्सॉ ब्लेडने खरवडून, ओले करून, मग भरावेत. कोरड्या सांध्यात भरलेलं सिमेंट महिन्यात बाहेर येतं.

कलम ६. सात दिवस कोणी आत जायचं नाही; फक्त पाणी मारायचं. बोअरजवळ साडीचा आडोसा करून आंघोळी झाल्या, भाऊ दोन दिवस झालीच म्हणून खोटं बोलला. पाणी मारायचं काम बाबांनी कोणाला दिलं नाही. पहाटे, दुपारी, संध्याकाळी, आणि रात्री बॅटरी घेऊन. वहीत तारीख, वेळ, किती तांबे, सगळी नोंद. सातव्या दिवशी त्यांनी खाली रेघ मारून लिहिलं: पाळी संपली.

आठव्या दिवशी त्यांनी स्वतः बादली ओतली. पाणी सरळ जाळीकडे निघालं. ते वाकून, कानामागे हात धरून ऐकत राहिले आणि म्हणाले, “लय धावते. पण जाऊ दे.”

आई अजूनही आंघोळ झाली की खराटा घेते आणि आग्नेय कोपऱ्यात चार वेळा मारते. तिथे आता काही नसतं.