उचलून तर बघा!

कोल्हापुरात माणसाची पत त्याच्या दंडावर ठरते. शाहू महाराजांनी 1912 साली खासबागेत कुस्तीचं मैदान उभं केलं, आणि इथल्या हवेत शड्डू मुरला तो मुरलाच. अशा मुलखात मला ऐन तिशीत आमवात झाला. सकाळी उठलं की माझी मनगटं दाराच्या कडीशीसुद्धा तहाची बोलणी करतात. बायकोची गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत पहिली पाळी, त्यामुळे लेकीला सकाळी फिरवायचं खातं माझ्याकडे आलं. लेक नऊ किलोंची आणि बाप चमच्यापुरता. बाबागाडी घ्यायचं ठरलं.

आमच्या गडमुडशिंगीत अशी गोष्ट घरात ठरते आणि चावडीवर मंजूर होते. शेजारचे तात्या म्हणाले, "गाडी कशाला रं? पोरगी काखेत मारायची आन् सुटायचं!" आईनं त्यांना आमवात समजावून सांगितला. तो नीट ऐकून घेऊन तात्यांनी निदान केलं, "खुराक कमी पडतोय." गावात गोकुळ दूध संघाचा पशुखाद्याचा कारखाना आहे. ताकदीचा विषय निघाला की तो खुराकावर येऊन थांबतोच, मग रोगी दोन पायांचा असो की चार.

गांधीनगर हाकेच्या अंतरावर. तिथल्या एका दुकानात शिरलो. मालकानं एक गाडी करंगळीवर उचलून गोवर्धनासारखी वर धरली. "साडेपाच किलो फक्त! उचलून तर बघा साहेब!"

म्हटलं, "मला उचलायची नाही, ढकलायची आहे."

"एकच की ओ ते."

हे एकच नाही, आणि माझं सगळं भांडण एवढंच आहे. पण त्याचा तरी काय दोष? हलक्या गाडीचं वेड लावलं ओवेन मॅकलॅरन या इंग्रजानं. हा मूळचा विमानांचा इंजिनिअर. स्पिटफायर या लढाऊ विमानाच्या चाकांचा सांगाडा त्यानं आखला होता. लेक नातवंडाला घेऊन विमानानं आली, तिची अवजड बाबागाडीशी चाललेली झटापट त्यानं पाहिली, आणि 1965 साली छत्रीगत मिटणारी, तीन किलोंच्या आतली ॲल्युमिनियमची गाडी काढली. विमानतळाच्या फरशीवर ती झकास चालते. आमच्याही उशाला उजळाईवाडीचा विमानतळ आहे. पण त्याच्या भिंतीबाहेर जो रस्ता सुरू होतो, तो स्पिटफायरलाही मानवला नसता. गतिरोधक घरागणिक, आणि त्याची उंची घरमालकाच्या वजनाप्रमाणे. गळिताचा हंगाम असला की ट्रॉल्यांतून पडलेली उसाची कांडकी वर.

इथे छोटं चाक हटून बसतं. हिशेब साधा आहे. चाक जितकं लहान, तितका त्याला प्रत्येक खडा मोठा. वाटेतला दगड चाकाच्या त्रिज्येइतका उंच असेल, तर आडवा जोर लावून ते चाक दगडावर चढतच नाही. ढकलणारा हिंदकेसरी असला तरी. बारा सेंटिमीटरच्या चाकाची त्रिज्या सहा सेंटिमीटर. आमच्या गल्लीत सहा सेंटिमीटरला दगड म्हणत नाहीत, बारीक खडी म्हणतात. मग दांडा खाली दाबून पुढची चाकं उचलावी लागतात, आणि तिथेच मनगटाचा जीव जातो.

म्हणून मी सोबत दहा किलो तांदळाची पिशवी नेली होती. ती गाडीत बसवली, पट्टा लावला. मालक बघत राहिला.

"बाळ कुठाय?"

"घरी. हे साधारण त्याचं वजन."

"बरं. पण फरशीवर चालवा."

"फरशीवर सगळ्याच पळतात. बाहेर घेऊ."

बाहेर गटारीच्या लोखंडी जाळीवर आणि उखडलेल्या पेव्हर ब्लॉकवर परीक्षा झाली. करंगळीवर तरंगणारी सुंदरी जाळीत पाय अडकवून थांबली. येणारेजाणारे वाकून तांदूळ बघत होते. एक आजी म्हणाल्या, "गुणाचं हाय, रडत न्हाई."

शेवटी कोपऱ्यात धूळ खात पडलेली तीनचाकी बाहेर आली. चांगली दहा किलोंची, मागची चाकं तीस सेंटिमीटरची. मालकाला ती उचलताना धाप लागली. मी ती तळहाताच्या कडेनं ढकलली. पुढचं चाक बाजारात मोकळं फिरतं आणि खडबडीत रस्त्यावर खटका मारून सरळ बांधता येतं. ब्रेक पायाचा. हाताला अडकवायची दोरी आहे, म्हणजे उतारावर गाडी सुटत नाही. छत्रीवाल्या गाडीला दोन मुठी, म्हणजे दोन्ही मनगटं हजर हवीत. हिला सलग दांडा, तोही वरखाली होणारा. कोपराच्या उंचीला आणला की मनगट वाकत नाही, आणि हात अगदीच संपावर गेले तर पोटानं ढकलता येतं. आमवातानं हात नेले, पण तांबड्या-पांढऱ्या रश्श्यानं पोट शाबूत ठेवलंय. फक्त पट्ट्याचं बकल दाबायला अंगठ्यात बैलाचा जोर लागतो. हे कुठल्याच खोक्यावर छापत नाहीत. ते मी आधी दाबून पाहिलं, आणि ज्यांची दबली नाहीत त्या गाड्या तिथेच बाद केल्या.

हिला उचलून जिन्यावरून न्यायचं म्हटलं तर मी हरलो. पण आमचं घर तळमजल्याचं आहे, आणि दहा किलो उचलायला बायको आहे. ती रोज कंपनीत त्याहून जड खोकी हलवते.

गाडी गल्लीत आली तेव्हा तात्यांनी भोवती फेरी मारली. "ही पोरीची गाडी हाय का सायकल कोळपं?" मी त्यांना सांगितलं, 1733 साली विल्यम केंटनं डेव्हनशायरच्या ड्यूकच्या मुलांसाठी केलेल्या गाडीला शेळी नाहीतर छोटं घोडं जुंपायची सोय होती. तात्या विचारात पडले. दुसऱ्या दिवशी त्यांनी बोकडाची दावण आमच्या दाराजवळ सरकवली. मी अजून हो म्हटलेलं नाही.

गाड्या विकणाऱ्यांना एकच विनंती आहे. दुकानात दहा किलो तांदूळ ठेवा आणि गाडी दारात, रस्त्यावर चालवू द्या. घेणाऱ्यांनो, मालक "उचलून तर बघा" म्हणाला, की त्यालाच म्हणा: तुम्ही उचला, आम्ही ढकलून बघतो.