वाचनमुक्तीचा राजमार्ग

बनशंकरीच्या देवळात राहुकाळी लिंबाच्या सालीतले दिवे लागतात. त्याच मुहूर्तावर पलीकडच्या गल्लीतल्या संशोधकाच्या मोबाइलवर गूगल स्कॉलरची सूचना उजळते. धन्य ती सोय! पबमेड या वैद्यकीय शोधनिबंधांच्या सूचीत दरवर्षी १० लाखांहून अधिक नोंदींची भर पडते. माणसाने शोधत कशाला बसायचे? विषय एकदा भरून ठेवला की ज्ञान घरपोच. सूचना परस्पर ‘नंतर वाचू’ या फोल्डरात जातात, म्हणजे इनबॉक्सही सोवळ्यात. आता सारांश काढायला एक यंत्र ठेवावे आणि ते सारांश वाचायला दुसरे. संशोधक संशोधनाला मोकळा. परवा त्याच्या स्वतःच्याच शोधनिबंधाची सूचना आली. शिस्तीप्रमाणे तीही न उघडता फोल्डरात गेली. चारही सहलेखक तितकेच शिस्तीचे असावेत. शीर्षकातली चूक अजून कुणी कळवलेली नाही.