रिझर्व्हवरचे बाबा

उमेदीची सगळी वर्षं आकुर्डी, पिंपरी नाहीतर खडकीच्या कारखान्यात पहिल्या पाळीला गेलेला, आणि आता निवृत्त होऊन कोथरूडला किंवा सहकारनगरात दुसऱ्या मजल्यावर राहणारा पुणेरी बाप मुलीला काय शिकवतो? मुलींना विचारा, उत्तर ठरलेलं असतं: ‘बाबांनी कष्ट करायला शिकवलं.’ एकसष्टीच्या स्मरणिकेत हे वाक्य छापलेलं असतं, शेजारी बाबांचा सफारीतला फोटो. मला ते पटत नाही. कष्टच शिकायचे तर ती आईकडे बघून शिकली असती, आणि लवकर शिकली असती, कारण आईला साप्ताहिक सुट्टी नसते. बाबांनी शिकवलं ते वेगळंच. जगातली प्रत्येक गोष्ट ऐन वेळी दगा देणार, हे गृहीत धरूनच चपला घालायच्या. याला कुणी अविश्वास म्हटलं तर बाबांना राग येतो. त्यांच्या भाषेत ती ‘सोय’ असते.

पुरावा म्हणून बाबांची बजाज चेतक बघा. १९७२ साली आकुर्डीहून निघालेल्या या स्कूटरला नाव मिळालं राणा प्रतापच्या घोड्याचं, पण स्वभाव आला लग्नघरातल्या रुसक्या आत्याबाईंचा. जुन्या चेतकला पेट्रोलचा काटा नव्हता. सीटखाली एक कळ असे, तिच्या तीन जागा: बंद, चालू आणि रिझर्व्ह. कर्वे रस्त्याच्या मधोमध गाडी आचके देऊ लागली की बाबा वेग कमी न करता एक हात सीटखाली घालत आणि ‘रिझर्व्हला लागली’ असं जाहीर करत, तेही स्टेशनवरच्या निवेदकाच्या आवाजात, उतारूंना घाबरवण्याचा हेतू नाही अशा बेतानं. पुढच्या फळीवर हँडलला धरून उभी असलेली मुलगी हे सगळं अगदी पुढच्या रांगेतून बघत असे. डिसेंबरातल्या सकाळी गाडी चालूच होत नसे. शेजारचे काका घामाघूम होईपर्यंत किका मारत. बाबा स्कूटर इंजिनाच्या बाजूला आडवी करत, मनात काहीतरी मोजत, पुन्हा उभी करत आणि एका किकेत चालू करत. तरीही नाही झाली, तर प्लग काढून काजळी पॉलिश पेपरनं घासत. दुसरा प्लग जुन्या बनियनच्या तुकड्यात गुंडाळून डिकीत तयार. आता यात कष्ट कुणाचे जास्त? काकांचे. बाबांच्या मते ती गाढवमेहनत. मुलगी शिकली ती आडवी करायची युक्ती, आणि त्याहून मोलाचा नियम: रिझर्व्हला लागली की घरी जायचं नाही, आधी पंपावर जायचं.

ही वृत्ती बाबांच्या रक्तातच होती असं कुणी म्हणेल, पण मला त्यात इतिहासाचा हात जास्त दिसतो. १२ जुलै १९६१ला पानशेतचं अर्धवट बांधलेलं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचंही गेलं आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं. सरकारनं बांधलेलं धरण एका सकाळी वाहून जाऊ शकतं हे ज्या मुलांनी पाहिलं, तीच पुढे बाप झाली. महत्त्वाचे कागद माळ्यावर, प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी पत्र्याच्या पेटीत, ही व्यवस्था मला त्या पुराचीच पाणरेषा वाटते. त्यात परवान्यांचा जमाना. स्कूटरसाठी नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं थांबायचं. मूल पाळण्यात असताना लावलेला नंबर ते शाळेत जायला लागल्यावर लागला, तरी लोक पेढे वाटत. गॅसला नंबर, टेलिफोनला नंबर. अशा काळात वाढलेल्या माणसाला हातात आलेली वस्तू बिघडू देणं परवडणारं नव्हतं. ‘म्हणजे हे काही गुण नव्हेत, निव्वळ टंचाई होती,’ असा आक्षेप हिंजवडीतले आजचे तरुण बाप घेतात. मान्य. पण टंचाई सगळ्यांच्याच वाट्याला आली होती. तिच्यामुळे कुणी साठेबाज झाला, कुणी रडका झाला. बाबा कालनिर्णयच्या मागच्या बाजूला सिलिंडर लावल्याची तारीख लिहू लागले. टंचाईनं फक्त प्रश्न घातला, उत्तर त्यांचं स्वतःचं होतं.

मुलीकडे हे सगळं उपदेशातून आलं नाही. बाबांचा उपदेश अगदीच सामान्य असतो, ‘नीट जा’, ‘पोचलीस की फोन कर’, एवढाच. खरं शिक्षण कागदांतून होतं. कॉलेजच्या प्रवेशाला एक झेरॉक्स मागितली असेल तर बाबा तीन देतात. खिडकीमागचा कारकून ‘होऊन जाईल’ म्हणाला की, ‘लेखी द्या’. त्याची पोच घ्यायची, पोचेवर शिक्का, शिक्क्यावर तारीख दिसली पाहिजे. बसच्या कंडक्टरनं सुट्टे पैसे दिले नाहीत तर भांडायचं नाही, बस नंबर आणि वेळ टिपून पत्र लिहायचं, तेही थेट सगळ्यात वरच्या साहेबाला. या पद्धतीचा सर्वांत गाजलेला प्रयोग पिंपरीतल्या टेल्कोच्या संदर्भात झाला. १९७४ साली कंपनीच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नये अशी सूचना होती. सुधा कुलकर्णी, म्हणजे पुढच्या सुधा मूर्ती, यांनी सरळ जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड टाकलं. पुण्यात मुलाखत झाली आणि नोकरीही मिळाली. त्या डॉक्टरांच्या लेक, आणि कर्नाटकातल्या. पण कार्ड मात्र अस्सल पुणेरी होतं: खर्च कमी, पत्ता अचूक.

आता आईची बाजू. बाबांचं कौतुक करताना तिच्या खात्यातली रक्कम त्यांच्या खात्यात वळती होते, हा आक्षेप जुना आहे आणि खराही आहे. पंडिता रमाबाईंचं उदाहरण घ्या. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे तरुणपणी पुण्यात शिकत असताना त्यांच्या गुरूंनी पेशव्यांच्या पत्नीला संस्कृत शिकवलेलं त्यांनी पाहिलं आणि आपणही बायकोला शिकवायचं ठरवलं. लोकांचा विरोध पत्करून त्यांनी ते केलं, म्हणून श्रेय त्यांचं. पण रमाबाई शिकायच्या वयाच्या झाल्या तेव्हा शास्त्रीबुवा थकले होते. पहाटे मुलीला उठवून धडे दिले ते आई लक्ष्मीबाईंनी. बाबांच्या डब्याचंही तेच. पहिल्या पाळीची कंपनीची बस पकडण्यासाठी बाबा पहाटे उठले, हे घरादाराला माहीत असतं. डब्यातली पोळी लाटायला त्यांच्या आधी कोण उठलं, हे स्मरणिकेत नसतं. तेव्हा बाबांनी सगळं शिकवलं असा माझा दावाच नाही. माझा दावा एवढाच, की संशय त्यांनी शिकवला, आणि त्या विषयात त्यांना तोड नाही.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. मुलीला स्कूटर आडवी करायला शिकवणारे हेच बाबा सातच्या पुढे ती घरी आली नाही की गॅलरीत उभे राहतात. आणि फ्लॅट मुलाच्या नावावर करतात. महाराष्ट्रानं १९९४ साली आणि देशानं २००५ साली एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क दिला. पण आकुर्डीत घाम गाळून घेतलेला फ्लॅट पडला स्वकष्टार्जित, त्याचं मृत्युपत्र बाबांच्या मर्जीनं होणार. ज्या कष्टांचे गोडवे मुलगी गाते, त्याच कष्टांमुळे तिला फ्लॅटमधून वगळायची मुभा कायदा देतो, हा विनोद बाबांच्या लक्षात येत नाही. मुलीच्या मात्र येतो. कारण ‘कुठल्याही कागदावर सही करण्यापूर्वी पूर्ण वाचावा’ हे तिला त्यांनीच शिकवलेलं असतं. इथे बाबांचा बचाव मी करणार नाही. त्यांची शिकवण त्यांच्याच विरुद्ध साक्ष द्यायला उभी आहे, ती पुरेशी आहे.

अशा मुलीचं पुढे जे व्हायचं ते होतं: ती कुणावर विसंबून राहत नाही, बाबांवरही नाही. बाबांना याचं थोडं वाईट वाटतं आणि ते ब्लडप्रेशरच्या खात्यावर मांडतात. २०२०च्या जानेवारीत चेतक पुन्हा बाजारात आली, विजेवर चालणारी. आणि अशा कितीतरी मुली स्वतःच्या पगारातून ती घेऊन दारात उभ्या राहिल्या. बाबा खाली येतात. पत्र्यावर बोटाची पेरं वाजवून बघतात, ‘जास्त दिलेस’ म्हणतात. मग वाकून सीटखाली हात फिरवतात. तिथं कळ नसते. ‘आणि वाटेत संपली तर?’ मुलगी डिकी उघडते. आत चार्जिंगची केबल, सुट्ट्या पैशांची डबी आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गाडीच्या कागदांच्या तीन झेरॉक्स. बाबा पिशवी उघडतात, चष्मा कपाळावरून खाली ओढतात आणि प्रत्येक झेरॉक्सच्या मागची बाजू कोरी आहे ना, ते बघतात.