मानवजात गेली, कॉलेज शाबूत

एकांकिकांमध्ये हल्ली जग वरचेवर बुडतं. १९६३ पासून चालत आलेल्या पुरुषोत्तम करंडक या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेच्या वेळी, पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात ते एका संध्याकाळी लागोपाठ दोनदा बुडालं, तरी कुणी खुर्ची सोडली नाही. पहिलीत अणुयुद्ध, दुसरीत पाणीटंचाई. अंगावरचं गोणपाट मात्र दोन्हींत तेच. पृथ्वीवरचा शेवटचा माणूस शेवटचा घोट प्यावा की राखून ठेवावा या पेचात असतो, नेमकं तेव्हाच मागच्या रांगेत वेफर्सचं पाकीट फुटतं. तो मरतो, अंधार होतो आणि दुसऱ्याच क्षणी कॉलेजच्या पोरांची आरोळी, 'अरे आव्वाज कुणाचा!' मानवजात गेली तर गेली, कॉलेजचं नाव राहिलं पाहिजे.

बाहेर चहाच्या टपरीवर पंचनामा सुरू होतो. "विषय भारी होता, पण गोणपाटाला इस्त्री कशाला?" कलाकाराची आई पदर सावरत विचारते, "एवढं ओरडून घसा बसला असेल ना रे?" अणुयुद्धाचं कारण मात्र कुणीच विचारत नाही. शेवटी एक माजी स्पर्धक कटिंग संपवत निकाल देऊन टाकतो, "जग आमच्याही वेळी बुडायचं, पण शब्द शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू यायचे!"